वर्गातील साधने आणि मुलाचे लक्ष

शिरूर अनंतपाळ तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागातील दोनशिक्षकी शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. गुरुजी दुसरीच्या मुलांस प्रश्न विचारतात. पाच-सात हात तत्काळ वर होतात. ते बहुधा कालचेच, परवाचेच असतात. त्यांपैकी एकाचे उत्तर येते, गुरुजी ‘शाबास’ म्हणतात व पाठ पुढे सरकतो. उरलेली पंधरा-वीस मुले शांत बसलेली असतात. ही शांतता म्हणजेच लक्ष, असा समज करून घेणे फार सोपे आहे. पुढे तिसरीत गेल्यावर त्यांतील एखाद्या मुलास साधे वाक्य वाचता येत नाही असे आढळते, तेव्हा सर्वांस आश्चर्य वाटते. वस्तुतः ते मूल दोन वर्षे रोज शाळेत येत होते. परंतु त्यास कोणी काही विचारले नव्हते.

५ जुलै २०२१ रोजी आरंभ झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठेविले आणि त्याची मुदत सन २०२६-२७ ही ठरविली. त्यातील ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साधन कोणतेही असो, ते किती मुलांस कामास लावते, एवढ्याच मापाने ते मोजावयास हवे.

या मापाने पाहता सर्वांत स्वस्त साधन अद्यापि पाटी हेच आहे. प्रश्न विचारल्यावर हात वर करावयास न सांगता सर्वांनी उत्तर पाटीवर लिहावे, पाटी उराशी उलटी धरावी आणि खूण होताच एकदम उंच करावी. एका दृष्टिक्षेपात गुरुजींस कळते की, बारा पाट्यांवर उत्तर बरोबर आहे, सहांवर एकच चूक आहे आणि दोन पाट्या कोऱ्या आहेत. सहांवर एकच चूक असेल तर दोष बहुधा शिकविण्यात असतो; कोऱ्या पाट्यांकडे मात्र त्याच दिवशी जवळ बसून पाहावे लागते. शहरांतील काही शाळांत हेच काम विजेवर चालणाऱ्या कळयंत्रांनी करून घेतात. पाटीला वीज लागत नाही, हा तिचा अधिक गुण.

मात्र प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये थांबण्याची सवय शिक्षकास करावी लागते. मेरी बड रो या अमेरिकन विदुषींनी १९७०च्या सुमारास वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर साधारणतः एकच सेकंद थांबतात असे त्यांस दिसले. हा अवकाश तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबतात, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात, असेही त्यांनी दाखवून दिले. तीन सेकंद ऐकावयास अल्प वाटतात. वर्गात उभे राहून मनात मोजल्यास ते किती दीर्घ असतात हे कळते.

आता एक अडचण विशेष मराठी मुलांची आहे व तिचा विचार सविस्तर करणे अगत्याचे आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना मुलाच्या कानी आधी तीन पडतात, मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा व मग तीन लिहावयाचे. म्हणून ते ३६ लिहिते. त्याचे ऐकणे बरोबर असते, लिहिणे चुकते. ‘एकोणसाठ’ तर आणखीच कठीण: शब्द साठाचा उच्चार करतो आणि लिहावयाचे असतात पाच व नऊ. बरे, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम मुलाने अंगी बाणवावा, तो नव्व्याण्णवाने त्यास पुन्हा चकविले जाते. जर्मन भाषेतही सुटे आधी व दशक नंतर येतात, त्यामुळे ही पीडा केवळ आपलीच नव्हे. परंतु शेजारच्या कन्नडात ‘अरवत्तमूरु’ म्हणजे सरळ साठ-तीन. तेलुगूतही हाच क्रम आहे. निलंगा व देवणी तालुक्यांस बीदर जिल्हा लागूनच आहे, तेव्हा घरी कन्नड बोलणारे एखादे मूल वर्गात असल्यास त्याच्याकडून सर्वांस त्या भाषेतील संख्या ऐकवाव्यात. ते मूल आनंदाने सांगेल आणि इतरांस दशकाचा अर्थ अनायासे कळेल.

सन २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील हेतू स्पष्ट केला होता: जोडाक्षरयुक्त नावे व उलटा क्रम यांमुळे मुलांच्या मनात गणिताची भीती बसू नये. जुनी नावे मोडीत काढण्याचा प्रश्न त्यात नव्हता. वादात भाषेच्या अभिमानाची चर्चा पुष्कळ झाली. ३६ लिहिणाऱ्या मुलाची थोडी कमी झाली. बाजारात व घरी ‘त्रेसष्ट’च चालणार आहे, तो शब्द मुलास यावयासच हवा. परंतु ‘साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट’ असे दोन्ही एकापाठोपाठ म्हटल्याने भाषेचे काहीच बिघडत नाही.

यासाठी लागणारे साधन शेताच्या बांधावर पडलेले असते. तुराट्या वीतभर लांबीच्या कापून दहा-दहांचे जुडगे सुतळीने बांधावे. काही सुट्या ठेवाव्यात. गुरुजींनी ‘त्रेसष्ट’ म्हणताच गटातील मुलांनी सहा जुडगे व तीन काड्या मांडाव्यात. मग जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली पत्रे घ्यावीत: रुंद पत्रावर ६०, अरुंद पत्रावर ३. साठाच्या शून्यावर तीनचे पत्र ठेविले की ६३ दिसते. उचलले की खालचा साठ पुन्हा दिसतो. सहा या अंकाच्या पोटात साठ लपलेले आहेत, ही गोष्ट फळ्यावर दहा वेळा सांगून कळत नाही, ती पत्र उचलण्याने कळते. जुडगे बांधण्याचे काम मुलांनीच करावे. तयार जुडगे दिल्यास मोजण्याचा अर्धा अभ्यास शिक्षकच करून बसतो.

परिसरातील वस्तूंनी शिकविण्याची वाट महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे हे कार्य केले. शंख, शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यावी, म्हणून गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविली. अलीकडे, सन २०१५च्या सुमारास, सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळा पाहावयास राज्यभरातून शिक्षक जात होते. तेथे वर्गाची फरशीच लेखनाची व खेळाची जागा झाली होती. पुष्कळांनी परत येऊन आपल्या फरश्या रंगविल्या. फरशीवर मुले काय करतात हे ज्यांनी पाहिले, त्यांस उपयोग झाला. ज्यांनी केवळ रंग पाहिला, त्यांच्याकडे रंग राहिला.

वरच्या वर्गांस गावचा इतिहासच उदाहरण पुरवितो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली. वीस लिटरची घागर धरल्यास त्यात किती घागरी पाणी होते? पंचवीस हजार. प्रत्येक घरी चार घागरी दिल्यास किती घरांस पुरेल? सव्वासहा हजार. पाचवीच्या मुलाने हे उदाहरण घरी नेल्यास त्या उन्हाळ्याच्या आठवणी आजीकडून निघतात, आणि लाख ही संख्या केवळ शून्यांची रांग राहत नाही.

आता पडद्याकडे वळू. दृश्य साधनांची आशा आपल्या देशास नवी नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. त्यांत कर्नाटकातील गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे जिल्हे होते. सकाळचा कार्यक्रम शाळेतील मुलांसाठी असे. आज लोकवर्गणीतून अनेक शाळांत संच आले आहेत. चित्रफीत लावली की वर्ग शांत होतो, परंतु ती शांतता आरंभी सांगितलेल्या शांततेची सख्खी बहीण असू शकते.

बीजांकुरणाचा पाठ घ्यावा. सोमवारी ओल्या फडक्यात हरभरा बांधून ठेवावा व रोज उघडून त्याचे चित्र वहीत काढावे. शुक्रवारी चित्रफीत लावावी. पाच दिवसांचे उगवणे तेथे एका मिनिटात दिसते. मूळ बाहेर येण्यापूर्वी फीत थांबवावी आणि विचारावे, ‘आधी मूळ येईल की पान?’ सर्वांनी पाटीवर लिहावे, मग फीत पुढे न्यावी. या तालुक्यातील मुलास सोयाबीन उगवलेले ठाऊक असते; उगवण्याची हालचाल त्याने कधी पाहिलेली नसते. तेवढेच पडद्याने दाखवावे. आवाज बंद करून मुलांस वर्णन करावयास लावल्यास तीच फीत भाषेच्या तासालाही उपयोगी पडते.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडची कथा अधिक जवळची आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांस १० लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस वाटली. कोडमागील कविता वा चित्रफीत शिक्षकाने आधी स्वतः पाहावी, ‘दीक्षा’वरून उतरवून ठेवावी, वर्गात ऐनवेळी मोबाईलची रेंज शोधीत हिंडू नये.

घरी तो कोड पाहण्यास सांगताना मात्र विचार करावा. घरातील एकुलता मोबाईल दिवसा वडिलांबरोबर शेतात असतो. २०२०च्या टाळेबंदीत हे सर्वत्र दिसून आले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाचे पाठ मोबाईलवर येत, आणि ज्या घरी तो नव्हता तेथपर्यंत पोहोचत नसत. त्याच काळात सोलापुरातील नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. येताजाता मुले वाचीत. यास्तव मोबाईलवरील स्वाध्याय कधीही सक्तीचा नसावा. दोन-तीन मुलांनी एकत्र बसून पाहावा, अथवा शाळेतच मधल्या सुट्टीनंतर दाखवावा.

दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे असता संचाचा खरा उपयोग निराळाच आहे. तिसरी-चौथीची मुले पंधरा मिनिटे चित्रफीत पाहून तीन प्रश्नांची उत्तरे लिहीत असता गुरुजींनी पहिली-दुसरीतील चार मुलांस जवळ घेऊन वाचून घ्यावे. ही चार मुले रोज बदलावीत व कोणाचे वाचन झाले हे हजेरीपटाजवळ टिपून ठेवावे. कोरी पाटी धरणाऱ्या मुलांचा क्रम त्यात आठवड्यातून दोनदा यावा. वीजबिल थकल्याने वा भारनियमनामुळे संच बंद असल्यास वरच्या वर्गास त्या पंधरा मिनिटांत पाण्याच्या रेल्वेसारखे एखादे उदाहरण गटाने सोडवावयास द्यावे. खालच्या मुलांचे वाचन त्या दिवशीही चुकवू नये.