बॅरनचा फॉर्म्युला!

किआन्ती म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चौकड्यांचा टेबलक्लॉथ, पिझ्झा आणि पोटाला गवत गुंडाळलेली गुबगुबीत बाटली. वाईन? ठीकठाक! माझाही हाच समज होता. तो मोडला टस्कनीतल्या ब्रोलिओ किल्ल्यात.

ऑफिसच्या कामासाठी मिलानला गेले होते. हाताशी एक मोकळा वीकएंड. मग काय, ट्रेनने फ्लॉरेन्स, तिथून भाड्याची गाडी, वळणावळणाचा रस्ता आणि दुतर्फा द्राक्षमळे. टेकडीवर लाल विटांचा किल्ला, गच्चीवरून दूरवर दिसणारं सिएना. रिकासोली घराणं इथे ११४१ पासून आहे. आपण फ्लॅटसाठी वीस वर्षांचं लोन घेताना दहादा विचार करतो. ही मंडळी जवळजवळ नऊशे वर्षं एकाच पत्त्यावर!

याच घराण्यातले बेत्तीनो रिकासोली म्हणजे सॉलिड माणूस. इतके कडक, की नावच पडलं 'पोलादी बॅरन'. १८६१ मध्ये काव्हूर यांच्या निधनानंतर ते इटलीचे पंतप्रधान झाले. पण खरा ध्यास वाईनचा. अनेक वर्षं प्रयोग करून १८७२ मध्ये त्यांनी पिसाच्या एका प्राध्यापकांना पत्रातून आपला फॉर्म्युला कळवला. सुगंध आणि जोम सांजोव्हेजे या काळ्या द्राक्षाचा. त्याचा करडेपणा मऊ करायला कानायोलो. आणि तिसरं मालव्हाझिया, हे पांढरं. मेख इथेच आहे. मालव्हाझियाने वाईन हलकी होते, रोजच्या जेवणासोबत छान. पण वर्षानुवर्षं मुरवायची असेल तर ते टाळावं, असं बॅरननी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

लोकांनी फॉर्म्युला उचलला आणि इशारा विसरले. १९६७ च्या नियमांत तर किमान १० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची झाली! वाईन पातळ झाली, किआन्तीचं नाव घसरलं. मधल्या काळात ब्रोलिओची वाईनरीही परदेशी कंपन्यांच्या हाती गेली. अखेर १९९३ मध्ये घराण्यातल्या फ्रान्चेस्को रिकासोली यांनी ती परत मिळवली आणि मळ्यांची नव्याने लागवड सुरू केली. २००६ च्या पिकापासून किआन्ती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे. त्या पत्रानंतर तब्बल १३४ वर्षांनी!

किल्ल्याजवळ जेवायला बसले. पहिला घोट घेतला, आधी आंबटसर चेरी, मग थेट सुपारीचा तुरटपणा. माझं तोंड वाकडं झालेलं बघून वाढणारे काका हसले आणि हातानेच 'थांब' म्हणाले. रानडुकराच्या रश्श्यातला पास्ता आला, पेकोरिनो चीज आलं. अर्ध्या तासाने तोच ग्लास, पण वाईन जणू दुसरीच! तुरटपणा विरला होता, चेरी तेवढी उरली होती.

तुम्हाला ट्राय करायचीय? बाटलीवर 'क्लासिको' हा शब्द आणि काळा कोंबडा शोधा. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यावी म्हणतात, पण आपली रूम तापलेली असते, बॉस! वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर जरा श्वास घेऊ द्या. सोबत मटण असेल तर क्या बात!

येताना एक बाटली आणलीय. अजून उघडलेली नाही. दोन मिनिटांत रिप्लाय आला नाही तर अस्वस्थ होणाऱ्या मला हे जमतंय, याचंच घरच्यांना आश्चर्य वाटतंय.