बाप्तिस्मा एका दिवसाचा, श्रद्धा रोजची: टिळकांच्या घरात काय घडलं?
चोरखमारा ज्या तिरोडा तालुक्यात आहे, तिथूनच नागपूर–राजनांदगाव रेल्वे जाते. याच मार्गावरच्या प्रवासात कवी नारायण वामन टिळकांना एका युरोपियन सहप्रवाशाने बायबल दिलं.

मग श्रद्धा लगेच बदलली? नाही. वाचन, विचार, घालमेल झाली आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. पण कानात मुरलेले तुकोबा सुटले नाहीत. टिळकांनी येशूची भक्ती अभंगांतच गायली. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात.

पत्नी लक्ष्मीबाईंचं वेगळं. नवऱ्याच्या धर्मांतराने संसार दुभंगला, काही वर्षं दोघं वेगळे राहिले. एकत्र आल्यावरही सोवळं होतंच. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, हा त्यांचा खरा प्रश्न (प्रवचनं दूरच!). आधी मनातली जात गेली, मग १९०० मध्ये बाप्तिस्मा झाला.