लहान हातांची ब्राउनी

मुलांकडून पहिल्यांदा काही भाजून घ्यायचं असेल तर केक निवडू नये, ब्राउनी निवडावी. केकला फुगावं लागतं. लोणी आणि साखर पांढरी होईपर्यंत फेटायची, मग ती हवा न मोडता मैदा मिसळायचा, आणि भाजताना मध्येच झाकण उघडलं तर सगळं खाली बसतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातलं यात फारसं काही नाही. म्हणून शेवटी केक मोठं माणूसच करतं आणि मूल स्टुलावर उभं राहून बघतं. ब्राउनी मुळातच बसकी, दाट आणि जड असते. मैदा घातल्यावर तिला जितकं कमी ढवळाल तितकी ती चांगली होते, कारण जास्त घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि वडी चिवट होते. लहान मुलाचा हात जिथे थकतो, साधारण तिथेच हे मिश्रण तयार झालेलं असतं.

गडचांदुरात हे काम मे महिन्यात निघतं, कारण तेव्हा मुलं घरात कोंडलेली असतात. चंद्रपूर जिल्ह्यातला पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि सकाळी अकरानंतर अंगणात कोणी पाय ठेवत नाही. आमच्या ओळीतली पोरं कूलर जिथे चांगला, त्या घरात जमतात. पत्ते होतात, कॅरम होतो, मोबाइलवरून भांडणं होतात. मग कोणीतरी विचारतं, "काकू, आज चाकलेटचं करायचं का?"

उन्हाचा पहिला उपयोग इथेच होतो. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या जिभेवरही. पुस्तकांत सांगतात की उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून चॉकलेट विरघळवा. लहान मुलं असताना मला ती वाफ नको वाटते. आमच्याकडे स्टीलच्या डब्यात १५० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे आणि १२० ग्रॅम बटर घालायचं, झाकण लावायचं आणि डबा गच्चीच्या कठड्यावर ठेवायचा. तुकडे करण्याचं काम मुलांचं. हात धुऊन कोरडे करायचे, अगदी खरोखर कोरडे, कारण वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी त्यातली साखर आणि कोकोचे कण एकमेकांना धरतात आणि सगळ्याचा घट्ट गोळा होतो. हे एकदा सांगितलं की मुलं एकमेकांचे हात तपासायला लागतात. पंधरा मिनिटांनी डबा उघडला की तुकडे अजून तुकड्यांसारखेच दिसतात, पण चमचा लावला की कोसळतात. त्या क्षणी मुलांचा जो आवाज निघतो तो ऐकण्यासारखा असतो.

चॉकलेट घेताना वेष्टनावरचं वाचावं, आणि वाचता येणाऱ्या मुलाकडूनच वाचून घ्यावं. छोट्या गावांतल्या दुकानांत बहुतेक वेळा 'डार्क कंपाउंड'ची पाटी मिळते. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते. ती जरा जास्त तापमानाला वितळते, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात दुकानदाराला परवडते. मंचरच्या मोर्डे कंपनीच्या कंपाउंडच्या पाट्या महाराष्ट्रभर बेकरीवाले वापरतात. तिची ब्राउनी होते आणि बरी होते. पण चव कोको बटरच्या चॉकलेटचीच गोल आणि लांब टिकणारी, आणि मुलांना ती एकदा तरी चाखायला मिळावी असं मला वाटतं. कोको बटरला पर्याय होणाऱ्या चरबीत आपली जंगलंही आहेत. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतीजन्य चरबींना परवानगी दिली, त्यांत सालबियांची आहे, आंब्याच्या कोयीची आहे आणि कोकमाच्या बियांचीही आहे.

डबा खाली आला की मिश्रण पातेल्यात काढायचं आणि त्यात १५० ग्रॅम पिठीसाखर. आपली दाणेदार साखर जाड असते, ती बटरमध्ये लवकर विरघळत नाही, म्हणून मिक्सरमधून काढून घ्यावी. वर जी पातळ, चमकदार, टिचकी मारली तर तडकणारी पापडी येते, ती विरघळलेल्या साखरेची आणि अंड्याबरोबर ती नीट फेटल्याची खूण. सगळ्यांत धाकटा कान पातेल्याला लावतो. खरखर येते तोवर ढवळायचं. खरखर थांबली की साखर विरघळली. ही युक्ती त्याची त्यानेच शोधून काढली आणि माझ्या डोळ्यांनी बघण्यापेक्षा ती जास्त भरवशाची आहे.

मिश्रण कोमट झालं की दोन अंडी. गरम असताना घातली तर त्यांची भुर्जी होईल.

अंडं फोडणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत मोठं मानाचं काम. "मले फोडू द्या ना काकू," हे चारही बाजूंनी एकदम ऐकू येतं. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं, एवढाच नियम. मुलाचा पहिला ठोका नेहमी फार हळू असतो. अंड्याला काहीच होत नाही, मूल माझ्याकडे बघतं. दुसराही हळूच. तिसऱ्या ठोक्याला भीतीची जागा चिडीने घेतलेली असते आणि अर्धं अंडं ओट्यावर येतं. हा क्रम मी इतक्या मुलांच्या हातून पाहिला आहे की आता ओट्यावर आधीच ताट ठेवते. वाटीच्या कडेवर आपटण्यापेक्षा सपाट ओट्यावर आपटलं तर टरफल आत कमी घुसतं. मग दोन्ही अंगठे भेगेत रुतवायचे आणि पुस्तक उघडतात तसं उघडायचं. टरफलाचा तुकडा वाटीत पडला तर बोटाने तो निसटतच राहतो. फुटलेल्या कवचाच्याच धारेने काढला तर पटकन येतो, कारण ती धार पांढऱ्याला कापत जाते. तिसरीतल्या मुलीने हे पाहिलं आणि पुढचं टरफल काढण्याचा मान कोणालाच दिला नाही.

सगळ्या घरांत अंडं चालत नाही, आणि चालतं तिथेही गुरुवारी, चतुर्थीला चालत नाही. त्या दिवशी दोन अंड्यांच्या जागी अर्धा कप घट्ट दही आणि पाव चमचा खायचा सोडा घालायचा. पापडी तितकी येत नाही, पोत केकाकडे झुकतो, पण सगळी मुलं एका ताटातून खाऊ शकतात आणि मला ते पापडीपेक्षा मोलाचं वाटतं.

एका गोष्टीवर मी ठाम असते. अंडं आणि मैदा पडल्यावर भांडं चाटायचं नाही. कच्च्या अंड्यातून आणि कच्च्या पिठातूनही पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात, आणि इथल्या उन्हाळ्यात जुलाब म्हणजे लहान मुलासाठी साधी गोष्ट नाही. मात्र चाटण्याचा हक्क काढून घेणंही योग्य नाही. म्हणून बटर-चॉकलेटचा डबा साखर घालण्याआधीच दुसऱ्या पातेल्यात रिकामा करायचा आणि तो मुलांच्या स्वाधीन करायचा. त्यात बोटं फिरतात, कोपर बुडतात, डबा घासायचीही गरज उरत नाही.

मैदा ७५ ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम. बाजारातलं नेहमीचं बटर खारटच असतं, वेगळं मीठ नको. मैदा आणि कोको चाळणीतून पातेल्यात चाळायचे. चाळणीला टिचक्या मारणं मुलांना इतकं आवडतं की दोनदा चाळावं लागतं. तपकिरी धूळ हवेत उठते, पापण्यांवर बसते. गडचांदूरच्या मुलांना धुळीचं काही वाटत नाही. माणिकगड, आवारपूर, उपरवाही, चहूकडे सिमेंटचे कारखाने आहेत. चुनखडीची भुकटी करून, ती ठरलेल्या प्रमाणात दुसऱ्या खनिजांबरोबर मिसळून किल्नमध्ये, म्हणजे भट्टीत, सुमारे १४५० अंशांना भाजतात, तेव्हा क्लिंकर होतो. दळायचं, मोजायचं, मिसळायचं आणि भाजायचं, हे या गावाचं रोजचंच काम. ज्यांचे वडील प्लांटमध्ये शिफ्टला जातात ती मुलं ब्राउनी भाजायच्या कढईला बिनदिक्कत 'किल्न' म्हणतात. प्रमाण चुकलं की माल खराब होतो हे त्यांना वजनकाट्याशी उभं राहून समजावून सांगावं लागत नाही.

कोको कुठून येतो, हे मात्र सांगावं लागतं. आपल्याकडच्या ओढ्यानाल्यांचं पाणी पैनगंगेतून, वर्धेतून पुढे जातं. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी समुद्राला जाता जाता आंध्र प्रदेशात ज्या नारळबागांजवळून वाहते, त्या बागांच्या सावलीत कोकोची झाडं आहेत. देशात सर्वांत जास्त कोको आज आंध्रातच पिकतो. खोडालाच लटकणारी फळं फोडून पांढऱ्या गरातल्या बिया काढतात, काही दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, मग भाजून दळतात. आंबवल्याशिवाय त्यांना चॉकलेटचा वास येतच नाही. पहिलीतल्या मुलाने हे ऐकून विचारलं की आपण नाल्यात कागदाची होडी सोडली तर ती चॉकलेटच्या झाडापर्यंत जाईल का. मधली धरणं वगळली तर जाईल, असं मी सांगितलं.

अक्रोड इथे महाग आणि बहुधा खवट निघतात. आमच्या ब्राउनीत चारोळी पडते. चार हे झाड चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात भरपूर. एप्रिल-मेमध्ये त्याची काळी-जांभळी, बोराहून लहान फळं पिकतात. गर खाऊन झाला की राहिलेली आठळी फोडून चारोळी काढतात. बासुंदीत तरंगणारी चारोळी मुलं बाजूला काढून ठेवतात. तुपात परतून ब्राउनीत घातलेली मात्र शोधून शोधून खातात. दुसरी भर मोहाची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळलेली फुलं वेचून वाळवतात. जिवतीच्या डोंगराकडून येणाऱ्या बायकांकडे ती मिळतात. आतले केसर काढायचे, धुऊन पुसून कोरडं करायचं, तव्यावर मंद भाजायचं आणि बारीक चिरायचं. मूठभरच घ्यावी, कारण मोहाचा वास आक्रमक असतो. चॉकलेटच्या कडूपणाला तो गोड, किंचित आंबूस वास इतका शोभतो की मनुका घालणाऱ्यांची मला दया येते. मोहाचं नाव काढलं की दारूच डोळ्यांपुढे आणणाऱ्या शहरी पाहुण्यांना मी ही ब्राउनी आवर्जून खायला देते.

मैदा पडल्यानंतर प्रत्येकाला पळीचे दहा-बारा फेरे. पांढरा पट्टा दिसेनासा झाला की थांबायचं. एवढ्यासाठीच मी मुलांना मोजायला लावते, आणि मोजताना फसवणूक करणाऱ्यावर बाकीचे लक्ष ठेवतात.

भाजणं मोठ्यांचं. ओव्हन मोजक्या घरांत आहे, जाड बुडाची कढई सगळ्यांकडे. कढईत जाडं मीठ पसरायचं, वर लहान रिंग ठेवायची, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायची. नॉनस्टिक कढई अशी कोरडी तापवू नये. सात इंची गोल डब्याच्या तळाचा आकार मुलांनी बटर पेपरवर पेन्सिलीने काढून कापलेला असतो. मिश्रण ओतून, डबा आत ठेवून, आच मंद करून पस्तीस-चाळीस मिनिटं. प्रेशर कुकर वापरायचा तर शिटी आणि रबर काढून. पूर्वी दिवाळीआधी बायका मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायला जायच्या, पोरं डबे सांभाळत रांगेत बसायची. भट्टीच्या दारातून ट्रे बाहेर येताना बघणं हा तेव्हाच्या मुलांचा मोठाच सोहळा असे. कढईला काचेचं झाकण असेल तर आजच्या मुलांनाही तो थोडाफार मिळतो.

"काहून नाही झालं अजून?" हे दर तीन मिनिटांनी. या वेळात मी ब्राउनीची गोष्ट सांगते. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. तिथल्या पामर हाउस हॉटेलचा दावा असा की प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या डब्यात नेता येईल असा चॉकलेटचा छोटा तुकडा बर्था पामर यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच स्वयंपाकघरात तयार झाला. फॅनी फार्मर यांच्या पाककृतींच्या पुस्तकात १८९६ साली 'ब्राउनी' नावाचा पदार्थ होता, पण त्यात काकवी होती, चॉकलेट नव्हतं. चॉकलेटची ब्राउनी त्या पुस्तकात १९०६ च्या आवृत्तीत आली. मुलांना यातलं डब्यात नेण्याचं कारण लगेच पटतं.

घमघमाट सुटला की जवळपास झालंच. काडी घालून बघायची. केकची काडी कोरडी निघावी लागते, ब्राउनीच्या काडीला ओलसर चुरा चिकटलेला हवा. पातळ मिश्रण चिकटलं तर पाच मिनिटं अजून. कोरडी निघाली तर उशीर झाला.

आता सर्वांत अवघड भाग, थांबण्याचा. ब्राउनी ओट्यावर गार होऊ द्या असं पुस्तकं सांगतात. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातच ३८-४० अंश असतात, आणि कोको बटर तर ३४ ला वितळतं. रात्रीपर्यंत ठेवली तरी ती ओट्यावर आळायची नाही. म्हणून अर्ध्या तासाने डबा फ्रिजमध्ये आणि मग तासभर फ्रिजच्या दारावर पहारा. घाईने कापली की चाकूला सगळा लगदा लागतो. एकदा मुलांना मुद्दाम गरम कापू दिली. तेव्हापासून मोठी मुलं धाकट्यांना स्वतःच अडवतात.

कापताना चाकू गरम पाण्यात बुडवून पुसायचा, प्रत्येक कापाला. तुकडे लहानच करावेत, पदार्थ जड आहे. गोल डब्यातल्या ब्राउनीला कोपरे नसतात, तरी कडेचा कुरकुरीत आणि मधला मऊ हा वाद होतोच. तो वाद मुलांनाच मिटवू द्यावा. उरलेल्या वड्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस छान राहतात, बाहेर मात्र या उन्हाळ्यात एक दिवससुद्धा ठेवू नयेत. दुसऱ्या शिफ्टहून रात्री येणाऱ्या वडिलांसाठी नेणाऱ्याने घरी जाताच डबी फ्रिजमध्ये टाकायची, वाटेत उघडून बघायची नाही.