वॉर्डात शिकवायचं कुणी?

लेखमाला ‘दवाखान्याची माणसं’ : लेखांक सातवा

मंजूर पदं आणि प्रत्यक्ष भरलेली पदं यांच्यातली तफावत आपण गेल्या आठवड्यात पाहिली. ती भरून काढायला परिचारिका येणार कुठून, हा आजचा विषय. नर्सिंग कॉलेजं वाढवा, असं उत्तर लगेच मिळतं आणि ती वाढतही आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं उभारायला मंजुरी दिली आणि त्यासाठी १,५७० कोटी रुपये ठेवले. कॉलेजं हवीतच. पण परिचारिकेच्या शिक्षणाचा मोठा भाग वर्गाबाहेर, दवाखान्यात होतो. म्हणून कॉलेज आणि त्याच्या जवळचा दवाखाना यांचं नातं कसं आहे, यावर बाकी बरंच अवलंबून असतं. या नात्याकडे आपण आजवर फार कमी लक्ष दिलं आहे.

कागदावर हे नातं स्पष्ट आहे. जीएनएम ही पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग ही पदवी सुरू करायची तर संस्थेचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं, त्यातल्या पाऊणशे टक्के खाटा भरलेल्या असाव्यात, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, अशी भारतीय परिचर्या परिषदेची घडी आहे. तपासणीला आलेली समिती खाटा मोजते, शिक्षकांची प्रमाणपत्रं पाहते, प्रयोगशाळेतले पुतळे पाहते. या साऱ्या मोजणीत एक व्यक्ती राहून जाते, ती म्हणजे वॉर्डाची परिसेविका, जिला सगळे ‘इनचार्ज सिस्टर’ म्हणतात. मुली दिवसाचे सहा-आठ तास असतात तिच्या हाताखाली, पण तिला शिकवता येतं का, शिकवायला वेळ आहे का, हे कुणी विचारत नाही.

कुठल्याही जिल्हा रुग्णालयातली सकाळची पाळी डोळ्यांसमोर आणा. रात्रीच्या सिस्टरने ओव्हर दिली आहे. पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात खाटांपेक्षा रुग्ण जास्त, ड्यूटीवर दोन सिस्टर आणि पोस्टिंगवर आलेली मुलींची एक बॅच. कॉलेजच्या पाठ्यनिर्देशिकेकडे दहा मुली आहेत, पण त्या तीन वॉर्डांत विखुरलेल्या. शिवाय तिचं अकरा वाजता लेक्चर आहे. राउंड सुरू व्हायच्या आत वॉर्ड आवरायचा असतो. मग सिस्टर सांगते, ‘टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्या, बेड लावा, सॅम्पल लॅबला देऊन या.’ मुली ते मन लावून करतात. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. प्रसूतीची प्रगती तक्त्यावर मांडणं, न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देणं, बिघडत चाललेला रुग्ण वेळीच ओळखून डॉक्टरांना नेमक्या शब्दांत कळवणं या गोष्टी त्या घोळक्याच्या मागच्या रांगेतून पाहतात. लॉगबुकात मात्र या सगळ्या कौशल्यांपुढे सही होते.

यात ना सिस्टर आळशी आहे, ना पाठ्यनिर्देशिका. सिस्टरचा पगार रुग्णसेवेसाठी आहे. शिकवणं बहुतेक ठिकाणी तिच्या कामाच्या यादीत नाही, त्यासाठी तिच्या वाट्याचे रुग्ण कमी होत नाहीत आणि त्याचा भत्ताही मिळत नाही. पाठ्यनिर्देशिका वॉर्डाच्या कर्मचाऱ्यांपैकी नसल्याने तिथल्या कामात तिचा शब्द चालत नाही. दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत मुली उभ्या असतात, आणि वॉर्डाला माणसं कमी असल्यामुळे ती जागा कामाने भरून निघते.

ही गोष्ट आजची नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा सुरू झाली, तेव्हाही शिकाऊ मुली वॉर्डातलं काम करतच शिकत. पण मुलींना शिकवण्याबद्दल तिथल्या मेट्रनला आणि वॉर्ड सिस्टरना त्या निधीतून वेगळा मोबदला मिळत असे. शिकवणं हे काम आहे आणि त्याचे पैसे कुणीतरी द्यायला हवेत, ही समज अगदी आरंभापासून होती. पुढे शाळांचा प्रसार झाला, पण ही समज मागे राहिली. शाळा काढली की स्वस्तात मनुष्यबळ मिळतं, हे रुग्णालयांच्या लक्षात आलं होतं.

पुण्यात याहून वेगळी सुरुवात झाली होती. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन उभं राहिलं, गो. कृ. देवधर त्यांच्या सोबत होते. सेवासदनाने तरुण विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवलं. परक्या पुरुषांची शुश्रूषा करणं हे उच्चवर्णीय घरांना अपमानाचं वाटत होतं, त्या काळात. मुलींच्या राहण्याची, वागण्याबोलण्याची, घरच्यांची समजूत काढण्याची जबाबदारी संस्थेने घेतली आणि प्रशिक्षणाची रुग्णालयाने. दोन संस्थांनी आपापली जबाबदारी ओळखून केलेला असा व्यवहार आपल्या इथे शंभर वर्षांपूर्वी झाला होता, हे मला फार मोलाचं वाटतं. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा साऱ्या देशात नोंदणीकृत परिचारिका जेमतेम सात हजार होत्या. त्या सात हजारांत अशा धाडसी बायकांचा वाटा होता.

आता जर्मनीकडे वळतो, आणि त्याला ताजं कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आहेत. आपल्या मुली जर्मन शिकून स्टुटगार्टकडे जातील, चांगलं कमावतील, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या देशाला आपण परिचारिका देऊ करतो आहोत, तो स्वतःच्या परिचारिका कशा घडवतो हे तरी समजून घेऊ या.

तिथे १ जानेवारी २०२० पासून परिचर्येच्या शिक्षणाचा नवा कायदा लागू आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात शाळेत २,१०० तास आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेत २,५०० तास असतात. मुलगी रुग्णालयाशी किंवा वृद्धसेवा केंद्राशी शिक्षणाचा करार करते आणि तिला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळतं. प्रत्यक्ष कामाच्या तासांपैकी किमान दहा टक्के वेळ ठरवून, आखून शिकवण्यात गेला पाहिजे, असं कायदा सांगतो. शिकवणारी परिचारिका त्याच वॉर्डात काम केलेली, पण त्यासाठी किमान ३०० तासांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेली असते आणि दरवर्षी तिने २४ तासांचं पुढचं शिक्षण घ्यायचं असतं. शिकवत असते तेव्हा ते शिकवणंच तिची ड्यूटी असते.

पैशांची व्यवस्था तर मुळातून समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक राज्यात एक सामायिक निधी असतो. त्यात सगळी रुग्णालयं आणि सेवाकेंद्रं भर घालतात, ज्यांच्याकडे एकही विद्यार्थिनी नाही तीसुद्धा. जे शिकवतात त्यांचा खर्च या निधीतून भागतो. त्यामुळे दुसऱ्याने घडवलेली परिचारिका फुकटात उचलून नेणं कुणालाच जमत नाही. शिवाय विद्यार्थिनीच्या हातून थोडंफार काम होतंच, तेही तिथे मोजलेलं आहे. पहिल्या वर्षी तिला मनुष्यबळात धरतच नाहीत. त्यानंतर रुग्णालयात साडेनऊ विद्यार्थिनी मिळून एक परिचारिका असा हिशेब धरतात. आपल्याकडे रात्रपाळीला एका सिस्टरच्या जोडीला दोन विद्यार्थिनी दिल्या की वॉर्ड सांभाळला गेला असं मानण्याची सवय आहे. हे दोन हिशेब शेजारी ठेवून पाहिले की आपण मुलींकडून काय घेतो, हे कळतं.

जर्मनीचं सगळंच जमेल असं नाही, हे मान्य. पण भारतात हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेज पाहावं. तिथली परिचारिका शाळा १९०९ मधली. १९४६ मध्ये मद्रास विद्यापीठाची नर्सिंगची पदवी तिथे सुरू झाली, त्याच वर्षी दिल्लीतही पदवी शिक्षणाला आरंभ झाला. वेल्लोरने शिक्षण आणि सेवा या दोन खुर्च्या वेगळ्या ठेवल्या नाहीत. शिकवणाऱ्या प्राध्यापिकांवर वॉर्डाचीही जबाबदारी असते, त्यामुळे सकाळी वर्गात सांगितलेलं दुपारी वॉर्डात तसंच घडतं की नाही याला उत्तर देणारी व्यक्ती एकच राहते. दुसरी गोष्ट पुरस्काराची. चर्च आणि मिशनची छोटी रुग्णालयं आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना पुरस्कृत करून पाठवतात आणि शिक्षणानंतर त्यांनी पुरस्कर्त्या रुग्णालयात दोन वर्षं सेवा द्यायची असते. कुठल्या गावाला माणूस हवा आहे, हे इथे प्रवेशाच्या वेळीच ठरतं. मिरज आणि अहिल्यानगरसारख्या आपल्या शहरांतल्या मिशन रुग्णालयांनीही शाळा चालवून आसपासच्या मुलींना या पेशात आणलं, त्यामागचं तत्त्व हेच.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक साधा बदल करून पाहिला. अख्खा वॉर्ड एका कॉलेजसाठी शिक्षण-वॉर्ड म्हणून राखायचा, तिथल्या परिचारिकांनीच शिकवायचं आणि प्राध्यापकांनी त्या परिचारिकांना शिकवण्यात मदत करायची. अमेरिकेत पोर्टलंड विद्यापीठाने २००३ मध्ये ही पद्धत स्वीकारली. एका परिचारिकेकडे दोन विद्यार्थी असतात आणि ते पूर्ण सत्रभर तिच्याच सोबत राहतात. वॉर्डालाही फायदा होतो, कारण तिथे शिकलेला विद्यार्थी पुढे तिथेच नोकरीला लागला तर त्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असतं.

मग महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्यात काय करता येईल? मी मोठ्या योजनेची वाट पाहायला सांगणार नाही. बहुतेक ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, रुग्णालयाच्या अधिसेविका आणि नर्सिंग शाळेच्या प्राचार्या एकाच गावात असतात. या चौघांनी वर्षातून एकदा समोरासमोर बसून पुढच्या तीन वर्षांची गरज लिहून काढावी. नवजात शिशू अतिदक्षता कक्षात किती जणी लागतील? प्रसूतिकक्षात, डायलिसिसला, उपजिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात किती? निवृत्त कोण होणार? कॉलेजने शेवटच्या वर्षाची पोस्टिंग या उत्तरांप्रमाणे आखावी. बीएस्सीच्या आठव्या सत्रातली इंटर्नशिप आणि जीएनएमच्या तिसऱ्या वर्षातली इंटर्नशिप यासाठी अगदी योग्य जागा आहेत. जिथे पुढे नोकरी लागण्याचा संभव आहे, तिथे मुलगी चार-पाच महिने आधी काम करून आलेली असावी.

इथे ग्रामीण भागाचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. मैदानी भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असतं आणि ते एएनएम ताईंच्या, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकांच्या भरवशावर चालतं. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवं पद आलं. महाराष्ट्रात ही पदं मोठ्या प्रमाणावर आयुर्वेदाच्या पदवीधरांनी भरली. दरम्यान बीएस्सी नर्सिंगच्या २०२१-२२ पासून लागू झालेल्या सुधारित अभ्यासक्रमात या कामाचे धडे समाविष्ट झाले. म्हणजे या पदासाठी शिकून तयार झालेल्या परिचारिका आता बाहेर पडत आहेत. पण सारी पोस्टिंग शहरातल्या मोठ्या रुग्णालयात करून आलेली मुलगी भामरागडच्या किंवा धडगावच्या उपकेंद्रावर एकटी कशी उभी राहील? तिला शिकत असतानाच तिथे काही आठवडे राहू द्यायला हवं, अनुभवी एएनएम ताईंच्या सोबतीने. ताईंकडे घरोघरीची माहिती असते, बोलीभाषा असते, कुठल्या पाड्यावर पावसाळ्यात पोहोचता येत नाही हे पाठ असतं. त्यांनाही शिक्षिका म्हणून मान आणि मानधन मिळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ग्रामीण भागातल्या मुलामुलींना प्रवेश द्या, शिक्षणसंस्था तिथे जवळ न्या, शिकताना तिथल्या दवाखान्यात काम करू द्या. असं केलं तर माणसं तिथे टिकण्याची शक्यता वाढते.

खासगी दवाखान्यांबद्दलही बोललं पाहिजे. तालुक्याच्या गावातली वीस-तीस खाटांची रुग्णालयं सिस्टर मिळत नाहीत म्हणून हळहळतात. त्यातल्या किती जणांनी जवळच्या कॉलेजला काही दिलं आहे, विद्यावेतन, वसतिगृहाचा खर्च किंवा निदान शिकवायला एखादी अनुभवी सिस्टर? आणि शिकून आलेल्या मुलीला ते देतात काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधल्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती. इतकी वर्षं उलटली तरी त्याहून कितीतरी कमी पगारावर राबणाऱ्या नोंदणीकृत परिचारिका आपल्या ओळखीत सापडतील. ज्या जिल्ह्यात पगार हा असा आहे, तिथलं कॉलेज कितीही चांगलं चाललं तरी मुली मुंबई-पुण्याला, आखाती देशांत किंवा जर्मनीला जाणार, आणि त्यांनी जावंच.

जर्मनीतल्या सामायिक निधीची कल्पना इथे उपयोगी पडेल. जिल्ह्यातल्या सगळ्या रुग्णालयांनी, सरकारी आणि खासगी, खाटांच्या प्रमाणात थोडी रक्कम बाजूला काढायची आणि ती शिकवणाऱ्या वॉर्डांना द्यायची. त्यातून प्रत्येक शिक्षण-वॉर्डात एका अनुभवी सिस्टरला आठवड्यातले ठरावीक तास रुग्णसेवेतून मोकळं करता येईल आणि तिच्या जागी बदली सिस्टर ठेवता येईल. याला कायद्याची वाट पाहावी लागत नाही, एका जिल्ह्याच्या नियोजन समितीच्या बैठकीतही याची सुरुवात होऊ शकते. लॉगबुकावर सही करण्याचा अधिकार मात्र फक्त त्या सिस्टरला असावा, जिने ते कौशल्य मुलीला स्वतःच्या नजरेखाली करायला लावलं आहे.

पुढील आठवड्यात, लेखांक आठवा : रात्रपाळीतली परिचारिका, तिची सुरक्षितता आणि तिचं वसतिगृह.