चालू आहे की नाही?

सर्व्हरच्या दुनियेतली, रोज राबणारी पण कुणाच्या नजरेत न येणारी एखादी गोष्ट शोधा, असं संपादकांनी सांगितलं. मी फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधली ‘आरसी.डी’ ही डिरेक्टरी निवडली. मशीन सुरू झालं की नेटवर्क, लॉग, मेल अशा सेवा एकामागून एक उभ्या करणाऱ्या शंभराहून जास्त शेल स्क्रिप्ट इथे आहेत. सगळ्या साध्या मजकुरात. एडिटर उघडावा आणि वाचत सुटावं.

पूर्वी युनिक्समध्ये या कामाला ‘आरसी’ ही एकच लांबलचक स्क्रिप्ट असे आणि नवी सेवा आली की तिच्यातच ओळी घुसवाव्या लागत. डिसेंबर २००० मध्ये, फ्रीबीएसडीच्या भावंड सिस्टिमने, म्हणजे नेटबीएसडी १.५ ने, तिचे सुटे तुकडे केले. २००३ च्या जानेवारीत फ्रीबीएसडी ५.० बरोबर ती पद्धत इकडे आली. आता प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘प्रोव्हाइड’ आणि ‘रिक्वायर’ अशा ओळी असतात: मी कोण, आणि माझ्या आधी कोण उभं राहिलेलं हवं. ‘आरसीऑर्डर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम त्या वाचून क्रम लावतो. ‘लॉगिन’सारख्या काही फायलींना तर स्वतःचं काहीच काम नाही. इतरांना ‘याच्या आधी’ किंवा ‘याच्या नंतर’ म्हणता यावं, एवढ्यासाठी त्या आहेत. मला हे फार आवडलं.

मी खरा रेंगाळलो तो मात्र ‘आरसी.सबर’ या सामायिक फायलीत. सेवा सुरू करणं त्या मानाने सोपं असतं. ती आत्ता चालू आहे का, हे खात्रीने सांगणं अवघड. बऱ्याच सेवा सुरू होताना आपला प्रोसेस क्रमांक एका पिडफाइलमध्ये लिहून ठेवतात. समजा, सेवा मध्येच कोसळली. फाइल तशीच राहते आणि काही वेळाने कर्नल तोच क्रमांक भलत्याच प्रोग्रॅमला देतो. नुसत्या क्रमांकावर विसंबून ‘स्टॉप’ म्हटलं, तर त्या निरपराध प्रोग्रॅमचा बळी जाईल. म्हणून आरसी.सबर क्रमांकाबरोबर प्रोसेसचं नावही ताडून पाहते. घर नंबर जुळला तरी पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचतो, तसं. काही ओळींचं शेल, पण लिहिणाऱ्याने संकटाचा पुरता विचार केलेला दिसतो.

आणि हाच चोखपणा पुढे डोकेदुखी होतो. सेवा पायथॉनमध्ये लिहिलेली असेल, तर प्रोसेसच्या यादीत नाव दिसतं पायथॉनचं. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये ‘कमांड_इंटरप्रिटर’ सांगावा लागतो आणि आरसी.सबर तो प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीतल्या ‘#!’ पुढच्या मजकुराशी जुळवते. पायथॉनची आवृत्ती बदलली, ती ओळ बदलली, पण सेवा जुन्याच पायथॉनवर चालत राहिली, की घोळ सुरू. सेवा व्यवस्थित उत्तरं देत असते आणि ‘स्टेटस’ विचारलं तर ती चालूच नाही असं कळतं. मग माणूस पुन्हा ‘स्टार्ट’ करतो. दुसरी प्रत उठते, पोर्ट आधीच अडलेला असतो, ती पडते आणि लॉग भलतीकडेच बोट दाखवतो.

दुसरी अडचण याहून जास्त वेळ खाते. हाताने सेवा सुरू होते, रिबूटनंतर होत नाही. कारण बहुतेक वेळा ‘पाथ’ असतं, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या डिरेक्टऱ्यांची यादी. बूट होताना पाथमध्ये फक्त मूळ सिस्टिमच्या डिरेक्टऱ्या असतात; नंतर बसवलेले प्रोग्रॅम जिथे जातात ती ‘/यूएसआर/लोकल/बिन’ त्यात नसते. तुमच्या शेलमध्ये ती असते, म्हणून तुमच्यासमोर सगळं सुरळीत चालतं. त्यामुळे स्क्रिप्ट थेट चालवून समाधान मानू नये. ‘सर्व्हिस’ कमांड मुद्दाम तुमचं एन्व्हायर्नमेंट पुसून, तोच तुटपुंजा पाथ देऊन स्क्रिप्ट चालवते. दोष तिथेच उघडा पडतो. तरी उलगडा होत नसेल तर स्क्रिप्ट ‘एसएच -एक्स’ने चालवावी, प्रत्येक ओळ डोळ्यांसमोरून जाते. आणि हे सगळं करण्याआधी, कोणत्या सेवा सुरू करायच्या ते सांगणाऱ्या ‘आरसी.कॉन्फ’ या फायलीत त्या सेवेपुढे ‘येस’ लिहिलंय ना, हे पाहावं.

मला सगळ्यात काळजी वाटते ती याच आरसी.कॉन्फची. ती दिसते सेटिंगच्या यादीसारखी, पण असते शेल स्क्रिप्ट. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं तर बूट अर्ध्यावर थांबतं आणि मशीन सिंगल-यूजर मोडमध्ये जातं. रूट फाइल सिस्टिम तेव्हा फक्त वाचण्यापुरती उघडी असते. ‘माउंट -यू /’ केल्याशिवाय चूक दिसली तरी दुरुस्त करता येत नाही. तेही कन्सोलवर बसून, कारण दुरून लॉगिन करू देणारं एसएसएच अजून उठलेलंच नसतं. सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये असेल तर पुढची रात्र कशी जाते, ते ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच ठाऊक.

तेव्हा फ्रीबीएसडी सांभाळणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: आरसी.कॉन्फमधला बदल शक्यतो ‘सिसआरसी’ या कमांडने करा, आणि हाताने केलाच तर रिबूटच्या आधी ‘एसएच -एन /ईटीसी/आरसी.कॉन्फ’ चालवा. सुटलेलं अवतरणचिन्ह ती लगेच दाखवते.