त्रेसष्ट वर्षांची थकबाकी : मन्स्टरचा १९९५ चा हंगाम

आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात १९९५ च्या उन्हाळ्यात हर्लिंगच्या प्रांतिक अजिंक्यपदासाठी जे अवघे पाच सामने झाले, त्यांची हकीकत सांगू लागले की त्या देशातील माणसे आजही त्याच उन्हाळ्यातल्या पुढच्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्याकडे झटकन वळतात. परंतु माझे मत असे आहे की त्या वर्षीची खरी घटना राजधानी डब्लिनमध्ये सप्टेंबरात घडली नसून थर्ल्स या बाजारपेठेच्या गावी जुलै महिन्यातच घडून गेली होती, आणि तिचे मोल समजण्यासाठी या खेळाचा आणि त्यातील जिल्ह्यांच्या परंपरेचा कारभार थोडा तपशिलाने पाहणे अवश्य आहे.

हर्लिंग हा पंधरा-पंधरा गड्यांचा खेळ. प्रत्येकाच्या हाती परंपरेने ॲश वृक्षाच्या बुंध्याच्या, मुळाकडे वळलेल्या भागातून कापलेली काठी असते. लाकडाची शीर वळणाबरोबर जाते म्हणूनच ती इतके आघात सोसते. स्लिटर नावाचा कातडी चेंडू या काठीने जमिनीवरून वा अधांतरी टोलवीत इंग्रजी ‘एच’ अक्षरासारख्या खांबांपर्यंत न्यावयाचा. आडव्या दांड्याखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि वरून गेला तर एक गुण. म्हणून गुणफलक दोन आकड्यांत लिहितात : १-१७ म्हणजे एक गोल व सतरा गुण, एकंदर वीस. जिल्हासंघांचा वरिष्ठ सामना सत्तर मिनिटांचा, आणि इतक्या वेगात चाललेल्या या काठ्यांच्या झुंजीत १९९५ साली शिरस्त्राण सक्तीचेही नव्हते. खेळाडूंना वेतन नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे खेळाडूंची खरेदीविक्री नाही. ज्याचा जन्म ज्या गावी, तो त्या गावच्या संघाकडून आणि त्या जिल्ह्याकडूनच सामान्यतः आयुष्यभर खेळतो. दुबळ्या जिल्ह्याला धनाच्या बळावर बलवान होता येत नाही आणि गुणी खेळाडूला आपला दुबळा जिल्हा सोडून जाता येत नाही. त्यामुळे जय आणि पराजय दोन्ही वारसाहक्काने चालत येतात.

क्लेअर जिल्ह्याच्या वाट्याला पराजयाचा वारसा आला होता. मन्स्टरमध्ये जिल्हे सहा : कॉर्क, टिपरेरी, लिमरिक, वॉटरफर्ड, केरी आणि क्लेअर. त्यांपैकी कॉर्क आणि टिपरेरी हे जणू या प्रांताचे वतनदार. क्लेअरने अखिल आयर्लंड अजिंक्यपद एकदाच, १९१४ साली मिळविले होते, आणि मन्स्टरचे शेवटचे पद १९३२ साली. मनाला चटका लावणारी गोष्ट ही की १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्सच्या हेझ हॉटेलात ज्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली आणि जिने हा खेळ मरणाच्या दारातून परत आणला, तिचा प्रवर्तक मायकेल क्युसॅक हा क्लेअरच्याच खडकाळ बरेन भागात जन्मलेला. १९३२ नंतर क्लेअरने अंतिम सामने गाठले नाहीत असे नाही. गाठले आणि हरले. सत्तरीच्या दशकात त्यांचा एक उत्कृष्ट संघ निर्माण झाला, त्याने १९७७ व १९७८ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय लीग ही निराळी स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वर्षी मन्स्टरच्या अंतिम सामन्यात कॉर्ककडून हार खाल्ली. १९९३ साली टिपरेरीने त्यांना ३-२७ विरुद्ध २-१२ अशी धूळ चारली. १९९४ साली लिमरिकने ०-२५ विरुद्ध २-१०.

अशा दीर्घ अपयशाला लोक कारण शोधतात, आणि क्लेअरच्या लोकांनी ते बिडी अर्ली हिच्या शापात शोधले. ही फीकल गावची एकोणिसाव्या शतकातील वैदू स्त्री, औषधोपचार व भविष्यकथन यांबद्दल प्रसिद्ध. तिने क्लेअरच्या हर्लिंग संघाला शाप दिला अशी दंतकथा. आता ही बाई १८७४ साली वारली आणि असोसिएशन स्थापन झाली १८८४ साली, तेव्हा जो जिल्हासंघ अद्याप अस्तित्वातच नव्हता त्याला तिने शाप कसा द्यावा? शिवाय १९१४ आणि १९३२ चे विजय या शापाच्या अंमलातच कसे झाले? या बिचाऱ्या स्त्रीवर मरणोत्तर मोठाच अन्याय झाला आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. तथापि शाप खोटा असला तरी त्याची गरज खरी होती. आपण कमी पडतो हे पिढ्यान्पिढ्या मान्य करण्यापेक्षा कोणा अदृश्य सत्तेवर दोष ढकलणे माणसाला सोसते.

याच फीकल गावचा गेर लॉकनन हा शाळामास्तर १९९४ च्या पराभवानंतर संघाचा व्यवस्थापक झाला. सत्तरीच्या त्या दोन्ही पराभवांत तो स्वतः मैदानावर होता. त्याने आणि प्रशिक्षक माइक मॅकनमारा याने हिवाळ्याच्या चिखलात आणि रात्रीच्या अंधारात खेळाडूंकडून जी मेहनत करून घेतली, तिच्या कथा क्लेअरमध्ये आजही भीतियुक्त आदराने सांगतात. दिवसभर आपापली नोकरी करून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, ही तरुण मुले टेकडीवर धावत होती. वसंतात संघ राष्ट्रीय लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तेथे किल्केनी जिल्ह्याने त्याचा २-१२ विरुद्ध ०-९ असा पराभव केला. जिल्ह्यातील पुष्कळांना हे जुनेच रडगाणे वाटले.

४ जून रोजी लिमरिकच्या गेलिक ग्राउंड्सवर क्लेअर विरुद्ध कॉर्क असा मन्स्टरचा उपान्त्य सामना झाला. त्या काळी पद्धत अशी, की एकदा हरला तो त्या वर्षापुरता संपला. सामन्याच्या उत्तरार्धात क्लेअरचा मध्यरक्षक शॉनी मॅकमॅहन याच्या गळपट्टीचे हाड मोडले. बदली खेळाडू तिन्ही वापरून झाले होते. तेव्हा बाहेर जाण्याऐवजी तो आघाडीच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, केवळ प्रतिपक्षाचा एक रक्षक गुंतवून ठेवावा एवढ्याच हेतूने. शेवटच्या क्षणांत क्लेअर मागे असताना, या एका हाताच्या माणसाने रेटा लावून कॉर्कच्या रक्षकाकडून चेंडू सीमारेषेबाहेर घालविला. फर्गी टूही याने सीमारेषेवरून फटका मारला आणि गोलासमोरच्या गर्दीत ऑली बेकरने तो चेंडू जाळ्यात लोटला. क्लेअर २-१३, कॉर्क ३-९. एका गुणाचा फरक. बेकरचा गोल सर्वांच्या स्मरणात आहे, पण हंगामाचा कणा मला मॅकमॅहनच्या त्या रेट्यात दिसतो. दुसऱ्या संधीची तरतूद असती तर कदाचित कोणी शहाण्याने त्याला बाहेर बोलावून घेतलेही असते.

दुसऱ्या बाजूने लिमरिक टिपरेरीला ०-१६ विरुद्ध ०-१५ असे हरवून आले. त्यांचेही दुःख लहान नव्हते. आदल्या वर्षीच्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात शेवटची पाच मिनिटे उरली असता ते पाच गुणांनी पुढे होते, आणि तेवढ्या अवकाशात ऑफली जिल्ह्याने दोन गोल व पाच गुण करून त्यांच्या हातचा चषक नेला. १९७३ पासून त्यांना अखिल आयर्लंड पद नव्हते. प्रांताचे विद्यमान विजेते म्हणून रविवार, ९ जुलै रोजी थर्ल्सच्या सेम्पल स्टेडियमवर त्यांचेच पारडे जड मानले जात होते.

पूर्वार्ध बरोबरीचाच चालला होता. विश्रांतीपूर्वी क्लेअरला पेनल्टी मिळाली आणि ती घेण्यासाठी गोलरक्षक डेव्ही फिट्झजेराल्ड मैदानाची लांबी धावत पार करून आला. गोलरेषेवर त्या वेळच्या नियमानुसार तिघे उभे. त्याने चेंडू असा हाणला की तो जाळ्यात गेला, आणि हा गृहस्थ आनंद साजरा करीत न थांबता त्याच वेगाने आपल्या जागी परत धावला. विश्रांतीला क्लेअर १-५, लिमरिक ०-७. उत्तरार्धात मात्र सामना उरला नाही. पी. जे. ओ'कॉनेल याने लिमरिकच्या कीरन केरीसारख्या श्रेष्ठ खेळाडूला धाव धाव धावायला लावून चार गुण काढले. मागे लाल शिरस्त्राणातील ब्रायन लोहन याने वाट अडवून धरली. उत्तरार्धात लिमरिकला चारच गुण मिळाले, क्लेअरला बारा. अखेर १-१७ विरुद्ध ०-११. कर्णधार अँथनी डेलीने चषक उचलला तेव्हा १९३२ पासूनची बाकी फिटली.

पुढचे थोडक्यात सांगतो. अखिल आयर्लंडच्या उपान्त्य सामन्यात गॅलवे जिल्ह्याचा ३-१२ विरुद्ध १-१३ असा, आणि ३ सप्टेंबरला अंतिम सामन्यात ऑफलीचा १-१३ विरुद्ध २-८ असा पराभव करून क्लेअरने एक्याऐंशी वर्षांनी अखिल आयर्लंड पदही मिळविले. तो सामनाही रोमहर्षक झाला. पण क्लेअर जिंकू शकते की नाही, या प्रश्नाचा निकाल जुलैतच लागला होता.

१९९७ साली पराभूतांना दुसरी वाट मिळाली, आणि २०१८ साली मन्स्टरमध्ये साखळी पद्धत आली, जीत प्रत्येक संघ प्रथम इतरांशी खेळतो. खेळाडू वर्षभर राबून सत्तर मिनिटांत घरी जातो हा जुना अन्याय त्यामुळे दूर झाला, सामने वाढले, आणि ते चुरशीचेही होतात; या सुधारणेला विरोध करणे मला शक्य नाही. मात्र प्रांतिक पदाचे जे वजन १९९५ साली होते ते त्याच अन्यायातून आलेले होते, हेही नाकारता येत नाही. क्लेअरचाच दाखला पाहा. १९९७ साली त्यांनी पुन्हा दोन्ही पदे घेतली आणि १९९८ साली मन्स्टर राखले. नंतर २०१३ साली डेव्ही फिट्झजेराल्डच्या आणि २०२४ साली ब्रायन लोहनच्या व्यवस्थापनाखाली, म्हणजे त्या थर्ल्सच्या संघातील दोघांच्याच हाताखाली, ते अखिल आयर्लंडचे विजेते झाले. दोन्ही खेपेस मन्स्टरमध्ये हरून, आणि दोन्ही खेपेस अंतिम सामन्यात कॉर्कला नमवून. मन्स्टरचा चषक मात्र १९९८ नंतर २०२५ पर्यंत त्यांच्या जिल्ह्यात आलेला नाही.