नकाशावरील ठिपका आणि वहींतील ओळ

इ. स. २०२० च्या आरंभीं करोनाची साथ पसरूं लागली, तेव्हां अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें २२ जानेवारी रोजीं प्रसिद्ध केलेला एक नकाशा पुढें जगभर घरोघरीं पाहिला जाऊं लागला. काळ्या पटावर तांबडीं वर्तुळें, आणि बाजूस देशांचीं नांवें व आंकडे. एखाद्या देशाच्या नांवावर बोट ठेवावें, कीं त्या देशाचे आंकडे समोर येत. नकाशा, कोष्टकें आणि आलेख एकाच पटावर मांडणाऱ्या अशा साधनास डॅशबोर्ड म्हणतात. आणि हव्या तेवढ्या नोंदी ठेवून बाकीच्या दृष्टीआड करणें, यास फिल्टर म्हणजे गाळणी लावणें असें म्हणतात. पाऊस, पाणी, रोगराई यांविषयींची बरीचशी माहिती आज अशाच पटांवरून मिळते. म्हणून ही गाळणी कशी चालते आणि कोठें फसविते, हें सुशिक्षित कुटुंबांनीं समजून घेणें इष्ट आहे.

शाळेच्या जनरल रजिस्टरांत प्रत्येक मुलाचें नांव एकदांच येतें. हजेरीपटांत मात्र त्याच्या नांवापुढें रोज एक खूण पडते. मुलाचा पत्ता व जन्मतारीख रोज हजेरीपटांत उतरून घेण्याचें कारण नाहीं. रजिस्टरांतील क्रमांक दोन्हीकडे असला म्हणजे झालें. आयबीएम कंपनींतील संशोधक एडगर कॉड यांनीं १९७० सालीं संगणकांतील माहितीसंबंधीं जी उपपत्ति मांडली, तिचें सारहि असेंच आहे : माहिती सुट्या कोष्टकांत ठेवावी, आणि सामाईक रकान्यांच्या आधारें तीं कोष्टकें परस्परांशीं जोडावीं.

भारतांतील भूजलाचें उदाहरण घ्यावें. निवडक निरीक्षणविहिरींतील पाण्याची पातळी वर्षांतून चार वेळां मोजण्याची केंद्रीय भूजल मंडळाची जुनी रीत आहे : जानेवारींत, पावसाळ्यापूर्वीं, ऑगस्टांत आणि नोव्हेंबरांत. विहीर जागची हलत नाहीं, म्हणून नकाशावर तिचा ठिपका एकच. पण दहा वर्षांत तिच्या नांवें चाळीस ओळी जमतात. या ओळी वेगळ्या कोष्टकांत ठेविल्या, तर तेथें विहिरीचा क्रमांक, दिनांक व पाण्याची खोली एवढेंच लिहिणें पुरे होतें. ठिपका आणि ओळी यांस बांधून ठेवणारा धागा म्हणजे तो क्रमांक.

आतां असें समजावें कीं, एका तालुक्यांत अशा दहा विहिरी आहेत आणि पाहणाऱ्यानें त्यांतील एकीच्या ठिपक्यास स्पर्श केला. डॅशबोर्ड त्या ठिपक्याचा क्रमांक घेऊन कोष्टकाकडे जातो, आणि तोच क्रमांक असलेल्या ओळी ठेवून इतर झांकतो. मात्र दोन्हीकडचे कोणते रकाने परस्परांशीं जुळतात, हें पट रचणाऱ्यानें आधीं सांगून ठेवावें लागतें. तें राहून गेलें, तर नकाशा एका विहिरीवर स्थिरावतो आणि शेजारची सरासरी सबंध तालुक्याचीच राहते. क्रमांक एकीकडे ‘०७’ व दुसरीकडे ‘७’ असा लिहिला, तर माणसास तो एकच वाटतो. क्रमांक अक्षरें म्हणून वाचणाऱ्या यंत्रास नाहीं. ‘नकाशाच्या चौकटींत दिसेल तेवढेंच मोजावें’ ही गाळणीहि अशा कोष्टकास थेट लागूं पडत नाहीं. कारण ज्या ओळीस स्थानच नाहीं, ती चौकटीच्या आंत कीं बाहेर, हें ठरावें कसें?

खरी अडचण उलट्या वाटेनें येते. ‘मे महिन्यांत ज्या विहिरींचें पाणी दहा मीटरांहून खोल गेलें, त्या दाखवा’ असें विचारलें, तर उत्तर कोष्टकांत असतें. पण कोष्टक गाळल्यानें नकाशा आपोआप गाळला जातोच असें नाहीं. म्हणून पुष्कळदां दोन्ही जोडून एक नवी यादी करितात. या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला असा कीं, दहा विहिरींच्या वर्षाच्या चाळीस नोंदी जोडल्या म्हणजे एकेका जागीं चार चार ठिपके एकावर एक बसतात. डोळ्यांस दहाच दिसतात, पण मोजणी चाळीस विहिरी सांगते. दुसरा खड्डा अधिक घातक आहे. ‘जुळणाऱ्या ओळीच ठेवाव्या’ अशी जोडणी केली, तर ज्या विहिरीची नोंद नाहीं ती नकाशावरून नाहींशी होते. नोंद कां नसेल? कदाचित् मोजणारा गेला नसेल. पण कदाचित् विहीर कोरडी पडून मोजण्यास पाणीच उरलें नसेल. म्हणजे सर्वांत तहानलेलें गांवच टंचाईच्या नकाशावरून पुसलें जावयाचें, आणि तेथें टँकर धाडण्याची आठवण कोणास व्हावी?

रिकाम्या रकान्यांत शून्य भरून हा दोष सुधारूं जावें, तर अनर्थच होतो. पाण्याची खोली जमिनीपासून खालीं मोजतात. शून्य मीटर खोली म्हणजे विहीर कांठोकांठ भरलेली! यावर उपाय असा कीं, सर्व विहिरी कायम राखणारी जोडणी करावी. नोंद नसलेल्या विहिरी निराळ्या रंगानें दाखवाव्या. ‘कोरडी’ आणि ‘मोजली नाहीं’ यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. आणि विहिरींची संख्या काढतांना ओळी न मोजतां भिन्न क्रमांक मोजावे.

पाहणाऱ्यानेंहि कोणत्याहि डॅशबोर्डास तीन प्रश्न अवश्य विचारावे. गाळणी नकाशास लागली, कोष्टकास लागली, कीं दोहोंस? समोरचा आंकडा ठिकाणांचा आहे कीं नोंदींचा? आणि गाळल्यावर जें दिसेनासें झालें, तें कोठें गेलें? शाळेंत हजेरी घेणारा शिक्षक समोर बसलेलीं मुलें मोजून थांबत नाहीं. तो पटावरील प्रत्येक नांव पुकारतो, आणि ज्या नांवास उत्तर येत नाहीं त्याच्यापुढेंहि खूण करितो. नकाशा रचणाऱ्यानें व वाचणाऱ्यानें तोच शिरस्ता पाळावा.